हळद, चुना आणि ओढ्यातला खडा

माझ्या अंगावर अकरा छिद्रे आहेत. सर्वांत मोठ्या छिद्रात मोहरीचा एक दाणा बसतो, दोन बसत नाहीत. पूर्वी जमिनीतून उकळता रस वर आला. तो थिजताना त्यातली हवा जिथून निघून गेली, तिथे ही छिद्रे राहिली.

मित्रांनो, मी उमरग्याजवळच्या ओढ्यातला एक जुना काळा खडा आहे. पाण्यात मी कितीही वर्षे पडून राहिलो तरी पाण्याला काही देत नाही. एवढाच माझा गुण आहे, आणि तो दिसत नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची काही वर्षे होती. धान्याचे व्यापारी सिद्रामप्पा यांनी तहसीलदारसाहेबांच्या बैठकीत काचेचा हौद पाहिला होता. त्यांनीही हैदराबादहून तसाच हौद आणि सहा लाल मासे मागवले. शेजारचे बंडप्पा ओट्यावरूनच ओरडले, "काय हो सिद्रामप्पा, लिंगायताच्या घरात मासे? मसाला वाटायला सांगू का?"

"बघायला हाईत, खायला न्हाईत!" सिद्रामप्पा म्हणाले. साहेब स्वतः हौद पाहायला येणार होते.

त्या घरात पार्वतम्मा नावाची सून होती. लग्नाआधी ती सोलापूरच्या शाळेत विज्ञान शिकली होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा तापाने गेला. त्या उन्हाळ्यात तिच्या जुन्या शाळेचे पत्र आले: मुलींना शिकवायला येशील का? तिने सासऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "बघू." तिने पुन्हा दोनदा विचारले. उत्तर तेच होते. आता दुसरे पत्र आले होते. महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसरीला देऊ.

हौदाच्या तळाला घालायला पार्वतम्माने आम्हाला ओढ्यातून पाटीभर आणले आणि सात पाण्यांनी धुतले. सातवे पाणी स्वच्छ निघाले, तेव्हाच ती थांबली.

सिद्रामप्पांनी पाटीत डोकावले. "हे काळं? साहेबांच्या हौदात पांढरं हाय."

"ते शहरातून आणलेल्या गारगोटीचे तुकडे आहेत, मामा. महाग असतात."

"मग आपले पांढरे फुकट हाईत की." त्यांनी गावाबाहेरच्या चुन्याच्या भट्टीवरून अर्धे भाजलेले चुनखडे मागवले.

"मामा, त्यांचा चुना पाण्यात सुटेल. मासे मरतील."

"चुना आमी रोज पानात खातो. मेलो का?"

सगळे हसले. आम्हाला न्हाणीमागे ओतले गेले. तिथे कोणी पाय पुसला, कोणी चूळ टाकली. पार्वतम्माने मात्र मला आणि आणखी चार खड्यांना उचलून पाण्याच्या एका वाटीत ठेवले. कशासाठी, ते मला तेव्हा कळले नाही.

पांढरे खडे घालून पाणी भरले, ते निवळले, आणि हौद सुंदर दिसू लागला. मित्रांनो, हे मी कबूल करतो. दुसऱ्या दिवशी दोन मासे उलटे तरंगले. तिसऱ्या दिवशी आणखी तीन.

तेव्हा पार्वतम्माने स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर दोन वाट्या मांडल्या. एकीत हौदातले पाणी होते, दुसरीत मी ज्यात पडलो होतो ते. दोन्हींत तिने चिमूटभर हळद टाकली आणि बोटाने ढवळली. माझे पाणी पिवळे राहिले. हौदाचे पाणी लालभडक झाले.

त्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते की हळदीला चुना लागला की कुंकू होते. वाट्यांकडे पाहिले असते तर कोणालाही कळले असते. पण सासूबाई इरम्मांनी तिचे बोट पाहिले.

"अगं, बोटाला कुंकू? माझा लेक जाऊन दोन वर्सं झाली, अन् तू कुंकू कालवतीस?"

"आत्या, रोज आमटीत घालते तीच हळद आहे. पाण्यात चुना आहे म्हणून लाल झाली."

सिद्रामप्पा दारात उभे होते. ते एवढेच म्हणाले, "बोट धू."

दोन्ही वाट्या मोरीत ओतल्या गेल्या, आणि मलाही पुन्हा न्हाणीमागे टाकले गेले. सकाळी सहावा मासाही मेला.

मित्रांनो, कधी मासे पाळलेत तर तळाच्या खड्यावर आधी लिंबू पिळा. फेस आला तर तो खडा पाण्यात घालू नका. लिंबाला फार पैसे पडत नाहीत. आणि कोणी वाटीकडे बोट दाखवले तर वाटीकडे पाहा. हे तेव्हा कोणी केले नाही, म्हणून सांगतो.

बंडप्पांना सिद्रामप्पा म्हणाले, "हैदराबादचा माल. इथलं पाणी सोसलं न्हाय." मग आत येऊन, सुनेकडे न पाहता, "पार्वतम्मा, ते पांढरं काढ आन् तुझे काळे खडे टाक. सोमवारी दुसरे मासे येत्यात." तिचे खरे होते, हे त्यांनी म्हटले नाही. आम्ही मात्र एका क्षणात चांगले ठरलो.

ती न्हाणीमागे आली. तिने मला तळहातावर घेतले. बोट धुतलेले होते. नखाच्या कडेला थोडा पिवळेपणा उरला होता. मग पाटी भरून आत गेली.

"मामा, खडे धुऊन ठेवते. सात पाणी लागतात. कसे धुवायचे ते आत्यांना दाखवून जाते."

"जाते? कुठं जातीस?"

"सोलापूरला. मी शिकवायला येते, असं शाळेला कळवलं आहे."