अर्धी गोळी

घरात दोन म्हातारे आणि दोघांना दुखणं एकच. एक बाबा, वय वर्षं शहाऐंशी. दुसरा साहेब, वय वर्षं तेरा, म्हणजे कुत्र्यांच्या हिशेबाने बाबांचा वर्गमित्रच. दोघांचंही हृदय थकलेलं, दोघांच्याही अंगात पाणी साठायचं, आणि औषधही एकच निघालं. ते पाणी लघवीवाटे उतरवणारी बारीकशी पांढरी गोळी. बाबांना अख्खी, साहेबाला अर्धी, सकाळ-संध्याकाळ.

आणि हे सगळं करणार कोण? तर घरातलं धडधाकट असं एकच माणूस, ताई. चौपन्न वर्षांची, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी. भाऊ होता, पण दूरच्या शहरात. दर रविवारी फोनवर शहाणपण शिकवायचा, "कुत्र्यापायी कशाला मरतेस? आधी बाबांकडे बघ." त्याला बोलायला काय जातंय! सकाळी उठून बाबांचे पाय पुसायचे, साहेबाने ओली केलेली सतरंजी धुवायची, दोघांना भरवायचं, आणि नऊच्या ठोक्याला दुकानात हजर व्हायचं, हे त्याला एक दिवस करून दाखवायला सांगावं.

पावसाळा सरता सरता एक चमत्कार झाला. साहेबाचा खोकला थांबला. जिना चढताना धापा टाकणारा तो, चक्क दारापर्यंत सामोरा यायला लागला. ताईला इतका आनंद झाला की दुकानात तिने सगळ्यांना पेढे वाटायचेच बाकी ठेवले. बाबांचं मात्र उलटं चाललं होतं. पाय सुजून खांबासारखे झाले, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले, "गोळी दुप्पट ताकदीची देऊ. पाणी फुप्फुसात गेलं, तर दवाखान्यात न्यावं लागेल. आणि या वयात दवाखान्यातून परत येतीलच असं मी सांगू शकत नाही."

ताईने नवी पट्टी आणली. गोळी दिसायला तशीच पांढरी, तेवढीच. साहेबाची अर्धी मात्र जुन्याच पट्टीतली चालू ठेवली. बाबांना तिने काही सांगितलं नाही. कशाला उगाच घाबरवा? बाबा चाळीस वर्षं कंपाउंडर होते, पुड्या बांधण्यात, मात्रा काढण्यात हयात गेली. दुप्पट म्हटल्यावर त्यांनी काय ते ओळखलंच असतं.

दोन आठवड्यांत साहेबाने अन्न सोडलं. डोळे खोल गेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. ताईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी वजन केलं. अकरा किलो. रक्त तपासलं, आणि कागद बघून त्यांची मुद्राच बदलली.

"मूत्रपिंडं गेलीत याची. अंगात पाण्याचा थेंब नाही. गोळी किती देत होतात?"

"अर्धी. दोन वेळा."

"अर्धीने असं होत नाही हो, ताई."

ताई चिडली. मी काय खोटं बोलते? साहेबाला उचलून ती तरातरा घरी आली. बाबांची गोळी द्यायची वेळ झालेलीच होती. तिने गोळी जिभेवर ठेवली, पाणी दिलं, आणि स्वयंपाकघराकडे वळली. वळली खरी, पण बाईंचे शब्द डोक्यात घुमत होते म्हणून दारातच थांबली. बाबांनी गालातून गोळी काढली, पावाच्या तुकड्यात दाबली आणि साहेबापुढे धरली.

"खा रे, खा," ते म्हणत होते. "अर्ध्याने काय होतंय तुला? एवढी चाखून बघ."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! गावभर लोकांना चष्मे बसवून देणाऱ्या बाईला आपल्या घरातलं दिसलं नव्हतं.

"बाबा! काय करताय हे?"

बाबा चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे बघत राहिले. मग म्हणाले, "माझं काय, झालं माझं. त्याला श्वास लागायचा गं. रात्रभर ऐकायचो मी. वजनावर हिशेब करूनच देत होतो, उगाच नाही."

हिशेब बरोबरच होता त्यांचा. फक्त तो जुन्या गोळीचा होता.

हे ताईच्या लक्षात आलं. ती तिथेच खाली बसली. बाबांवर ओरडायला उघडलेलं तोंड तिने मिटलं, आणि नव्या पट्टीबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी साहेबाला शेवटची सुई दिली. ताईच्या हातावर डोकं ठेवून तो गेला. घरी येऊन तिने एवढंच सांगितलं, "आजार वाढला होता, बाबा." बाबांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून औषधाला तोंड उघडणं बंद केलं. ताईने विनवलं, रागावली, हातापाया पडली, फोनवरून भावालाही बोलायला लावलं. काही उपयोग नाही. दोन दिवसांत सूज गुडघ्यांवर चढली, आडवं झालं की श्वास लागायला लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीत गेली, तर बाबा उशीला टेकून बसलेले. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात गोळ्यांची पट्टी.

"ही दुप्पट ताकदीची आहे," ते म्हणाले. "कधी बदलली?"

ताई पलंगापाशी गेली. "दोन-अडीच आठवडे झाले. चुकलं माझं, बाबा. तुम्हाला सांगायला हवं होतं."

बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. पुड्या बांधताना मनातल्या मनात हिशेब करायचे, तसा. ताई त्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली.

"साहेबाचं वजन किती होतं गं?"

"बावीस किलो," ताई म्हणाली.

तिने आवाज कापू दिला नाही. बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रोज दुपारी त्या कुत्र्याला मांडीवर झोपवणारा माणूस तो, आणि नुसत्या तळहातावर पूड तोलणारे ते हात.

"बावीस," ते म्हणाले. अंगठा परत एकदा पेरांवरून फिरला. "मग मात्रा बरोबर होती."

"अगदी बरोबर होती."

"आजारानेच गेला म्हणायचा."

"आजारानेच, बाबा."

त्यांनी तोंड उघडलं. ताईने गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा पेला ओठांना लावला. ते प्यायले, आणि कुणी न सांगताच जीभ वर करून दाखवली. तेव्हा मात्र ताईचा बांध फुटला. पलंगाच्या कडेला बसून ती ढसाढसा रडली.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नकोस, पोरी," ते म्हणाले. "तू बावीस म्हणालीस ना? मग बावीसच."