आईवरचं चेटूक

घरात तिला 'पंडिता' म्हणत, आणि त्यात कौतुक औषधालाही नव्हतं. शब्दकोशाच्या कचेरीत बसून दिवसभर शब्दांची मुळं उकरायची, ही काय नोकरी झाली, असं अप्पांचं ठाम मत. आई होती तोवर त्या मताला कुणी विचारलं नाही. आई गेली आणि महिन्याभरात घराचा उकिरडा झाला.

त्या दिवशी पंडितेच्या वाट्याला 'चेटूक' हा शब्द आला होता. अर्थ सोपा: जादूटोणा, मेलेल्यांना वश करून त्यांच्याकडून कामं करून घेण्याची विद्या. मुळाशी मात्र 'चेट' निघाला. चेट म्हणजे चाकर. म्हणजे मेलेल्याला बोलवायचं ते भेटायला नव्हे, राबवायला! तिचं डोकं तेव्हाच तापलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली, तर स्वयंपाकघरात पडदे ओढलेले. टेबलाभोवती अप्पा, दादा, धाकटा आणि एक अनोळखी, गुबगुबीत मांत्रिक.

"बरी आलीस," दादा म्हणाला. "आईला बोलावतोय. तेवढा चहा टाक."

तिच्या अंगाची लाहीलाही झाली, आणि तरी तिने चहा टाकला. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

मांत्रिकाने डोळे फिरवले, आवाज बारीक केला. "पोरी, नोकरी सोड. अप्पांकडे बघ. भावांच्या खाण्यापिण्याचे फार हाल होतायत गं."

"ऐकलंस?" अप्पांनी डोळे पुसले. "तुझ्या आईची इच्छा आहे."

"आई आलीय?"

"आलीय ना."

"मग ती बसलीय कुठे?"

टेबलाला खुर्च्या चार, आणि चारही भरलेल्या. आई जन्मभर ओट्याशी उभ्याने जेवली. आज तिला मुद्दाम बोलावणं धाडलं, तरी आणखी एक खुर्ची आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"उठा!" पंडिता ओरडली. "एक जण तरी उठा, तिला बसू द्या!"

मांत्रिक जरासा चुळबुळला. बाकीचे ढिम्म.

"नाही ना उठवत? मग आई आली म्हणून सांगू नका. तुम्हाला आई नकोच आहे, फुकटची मोलकरीण हवीय. जिवंतपणी पिळून घेतलीत, आता मेल्यावर कामाला जुंपताय, आणि ती येत नाही म्हणून मला! मी नोकरी सोडणार नाही. हे घर सोडते."

"ताई, अगं, लोक काय म्हणतील?" धाकटा पुटपुटला.

तिने गॅस बंद केला, खांद्याची पर्स खांद्यालाच होती, तशीच बाहेर पडली. जिन्यात तिला आई गेल्यापासून अडलेलं रडू फुटलं. वर दार उघडल्याचा आवाज आला. अप्पा कठड्यावरून वाकले होते. क्षणभर तिला वाटलं, परत बोलावतायत.

"अगं," ते म्हणाले, "चहात साखर घातलीस का?"