दोनदा पाणी, तीनदा भांडं

आईला दहा दिवस धाकट्या भावाच्या भरवशावर टाकायचं की नाही, एवढंच ताईला ठरवायचं होतं. आईला उचलून उचलून तिला हर्निया झाला होता आणि ऑपरेशनची तारीख मिळाली होती. सोन्या म्हणाला, "मी आहे ना ताई! पण आधी माझं प्रदर्शन बघायला ये. आईवरच केलंय."

बघायला कसलं, ऐकायला. सोन्या आवाजांचा कलाकार. शेजारणीला आईपाशी बसवून ताई गेली. दारात चपला काढायला लावल्या, अंधाऱ्या खोलीत गादीवर आडवं व्हायला सांगितलं. तिला हसूच आलं. आईच्या आजारपणाच्या सहा वर्षांत दिवसाढवळ्या पाठ टेकली ती आज, तीसुद्धा प्रदर्शनात!

चारी भिंतींतून आवाज सुरू झाले. आईचा श्वास, पंख्याची कुरकुर. मग लोखंडावर काहीतरी आपटलं. टक टक. जरा थांबून पुन्हा टक टक.

शेजारच्या गादीवरची बाई नाक ओढत कुजबुजली, "काळ पुढे सरकतोय जणू."

काळ कसला डोंबलाचा! अर्धांगवायूनं वाचा गेल्यापासून आई बोटातली अंगठी पलंगाच्या दांडीवर आपटते. दोनदा म्हणजे पाणी, तीनदा म्हणजे लघवीचं भांडं. ताईनंच शिकवलं होतं, महिनाभर घसा फोडून.

टक टक. ताई सवयीनं उठून बसली. भिंतीतली आई मात्र पाणी मागत राहिली, आणि कुणी उठेना. मग टक टक टक. पुन्हा तीन. मग घाईघाईनं, नुसता सपाटा. मागून वरच्या मजल्यावरचं ड्रिल घरघरलं आणि ताईला तो दिवस ओळखू आला. वर फरशी फोडत होते, ती सोनोग्राफीला गेली होती आणि घरी सोन्या होता. ती परतली तेव्हा तो म्हणाला होता, "आई मस्त झोपली होती गं." चादर मात्र चिंब होती. ताई तेव्हा कुणावर खेकसली? आईवर. "तीनदा वाजवायला हात झिजतो का तुझा?"



भिंतीतला ठोका थांबला. उरला श्वास. आजूबाजूला लोक मुसमुसत होते. ताई धडपडत बाहेर आली.

सोन्या हार गळ्यात पडल्यासारखा उभा होता. "रडलीस ना? सगळेच रडतात."

"तू कुठे बसला होतास?"

"तिच्या उशाशी. मायक्रोफोन धरून."

"पाणी मागत होती ती. कपाटावर खुणांचा कागद लावून गेले होते मी, हाताएवढ्या अक्षरांत."

"वाचला होता गं. पण त्या आवाजाला काय लय होती! उठलो असतो तर तुटली असती. पाचच मिनिटं..."

"नंतर किती वेळा ऐकलंस हे?"

"शंभरदा तरी. जुळवायला लागतं."

"शंभरदा ऐकलंस," ताई म्हणाली, "आणि एकदाही उठावंसं वाटलं नाही तुला?"

लोक वळून बघायला लागले. सोन्यानं तिचा दंड धरला. "हळू बोल ना, ताई. दहा तारखेला येतोय ना मी."

"मायक्रोफोन घेऊन? नको. तू कलाच कर."

तिनं तिथेच दवाखान्याला फोन लावून तारीख रद्द केली. पलीकडची मुलगी म्हणाली, आता तीन महिने नंबर नाही. "चालेल," ताई म्हणाली. काय चालेल, डोंबल!

घरी आली, शेजारणीला मोकळं केलं. आई जागीच होती. ताई पलंगाशी बसली. काहीतरी सांगायला हवं होतं. पाण्याला खूण होती, भांड्याला होती. "त्या दिवशी तुझी चूक नव्हती" याला ताईनं खूणच ठेवली नव्हती.

"वाजवलं होतंस तू," ती शेवटी म्हणाली. "मी ऐकलं आज."

आईनं अंगठी दांडीवर आपटली. टक टक.

ताई पोट धरून उठली आणि पाणी आणायला गेली.