पत्ता शेवटी

"पाठवू?" मी विचारलं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

नोकरीचा माझा तिसरा दिवस होता. वैद्यकीय महाविद्यालयाला देहदान करणाऱ्यांची नोंद ठेवायची आणि विद्यार्थ्यांचा अभ्यास संपला, की घरच्यांना ईमेलनं कळवायचं, हे आमच्या खोलीचं काम. खोलीत बाई आणि मी, दोघंच. येणाऱ्याजाणाऱ्याला 'थांबा' म्हणायच्या म्हणून सगळे त्यांना थांबाबाई म्हणत. एका ईमेलला अख्खी सकाळ लावायच्या. बाई पत्रं लिहीत नाहीत, अंडी उबवतात, असं शिपाईसुद्धा म्हणे.

त्यांनी स्क्रीन टेबलापलीकडे वळवली आणि मला भेटायला येणाऱ्यांच्या खुर्चीत बसवलं. पत्र मी एका गृहस्थांना लिहिलेलं होतं, त्यांच्या आईबद्दल.

"आता हे तुमच्याच आईबद्दल आलंय असं समजा. मोठ्यानं वाचा."

'देह क्रमांक सतराचा वापर पूर्ण झाला आहे,' एवढं वाचलं आणि पुढे वाचवेना. माझी आई तेव्हा घरी चांगली धडधाकट होती, तरीसुद्धा.

बाईंनी ते वाक्य काढलं आणि लिहिलं, 'तुमच्या आईंकडून आमचे विद्यार्थी दीड वर्ष शिकले.' मग स्वतः त्या खुर्चीत बसून वाचून आल्या. पत्ता अगदी शेवटी घातला. आधी घातला आणि चुकून बोट पडलं, तर अर्धवट पत्र कुणाच्या तरी घरात जाऊन पडेल, म्हणाल्या.

"आता पाठवा."

मी थक्क झालो होतो. एवढ्याशा कामात एवढं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. पुढे अकरा वर्षं मी त्यांना रोज त्या खुर्चीत जाऊन बसताना पाहिलं, पण नवल काही ओसरलं नाही.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी बाई वारल्या आणि आमच्याच विभागात आल्या. देहदानाचा फॉर्म त्यांनी कधीच भरून ठेवला होता.

आज त्यांच्या मुलीला पत्र लिहायला बसलो. सकाळ त्यातच गेली. 'तुमच्या आईंकडून आमचे विद्यार्थी दीड वर्ष शिकले. त्यांच्याआधी अकरा वर्षं मी शिकलो.' स्क्रीन वळवली, पलीकडे जाऊन खुर्चीत बसलो आणि मोठ्यानं वाचलं. बदलण्यासारखं काही सापडलं नाही. पत्त्याची जागा तेवढी रिकामी होती.

'आता पाठवा' असं कुणीतरी म्हणेल, म्हणून मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.