धरून ठेवलेली जागा

अमरावतीच्या बसस्टँडबाहेर ऑटोत चढल्या चढल्या मनकर्णाबाई कोपऱ्यात सरकली आणि बाजूच्या सीटवर तळहात टेकून बसली. या शहरात ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, राजापेठेत क्लाससाठी राहणाऱ्या नातीकडे, वर्षालीकडे. ऑटो काही हलेना. तिच्या गावी, पातूरला गाडी गच्च भरल्याशिवाय निघतच नाही, त्यामुळे तिला त्यात वावगं वाटलं नाही.

पातूरहून अकोल्याला शेवंती न्यायची, तेव्हाही ती अशीच बसायची. शेषराव टपावर फुलांची पोती बांधून सगळ्यांत शेवटी आत शिरायचे. तोवर नवऱ्याच्या जागेवर हात ठेवून ती माणसांवर खेकसायची, "सरका तिकडे! आमचे मालक येऊन राहिले." मग घामेजलेले शेषराव अंग चोरून तिच्याजवळ बसायचे, आणि अकोला येईपर्यंत दोघांच्या कपड्यांना शेवंतीचा वास यायचा.

शेवटी तिचाच पारा चढला. "काहून रे, भरत नाही का तुही गाडी आज?"

ऑटोवाला चकित होऊन मागे वळला. "इथं एकट्यालेबी नेतो, माय. तुमी जागा धरून बसल्या, म्हणून मीच थांबलो. कोणी येऊन राहिलं ना?"

मनकर्णाबाईनं आपल्या हाताकडे पाहिलं. शेषराव वारल्यापासून तिनं शेतात शेवंती लावलीच नव्हती.

"नाही बाबा. चाल तू," ती म्हणाली.

राजापेठ आली तरी हात मात्र तिथंच होता.