म्हसोबाचं तोंड

जतकडच्या त्या वस्तीवरचा म्हसोबा म्हणजे नुसता तांदळा, असंच सगळे धरून चालले होते. नाक नाही, डोळे नाहीत, शेंदराचा आपला एक गोळा. दर अवसेला तेल-शेंदूर, त्यावर पुढच्या अवसेचा शेंदूर, असं करत वीतभर जाड कवच चढलेलं. अर्जुनाच्या घरात चार पिढ्या पूजा होती. चैत्रातल्या एका सकाळी ते कवच उन्हानं तडकून खाली पडलं, आणि आतनं तोंड निघालं.

अर्जुना मटकन खालीच बसला. मिटलेले ओठ, लांबट डोळे, बारीक वळवलेली मिशी. गडी पन्नाशीचा, मेंढरांमागं कोकणापर्यंत फिरलेला, लांडगा अंगावर आला तरी न हटलेला; पण आता दरदरून घाम फुटला त्याला. ज्याला बिनतोंडाचा म्हणून चोपडत आलो, तो इतकी वर्षं आतनं बघत होता की काय!

पहिली आठवण आली ती आईची. सुलाबाई लगीन होऊन आल्यापासून साठ वर्षं शेंदूर लावत होती, आणि साठ वर्षं कुरकुरत होती की ह्या देवाला डोळेच नाहीत, माझं गाऱ्हाणं सांगू कुणाला. आता तिच्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला; बघायचं ते बोटांनी चाचपून. त्यात रीत अशी की उघडा पडलेला देव दिवस मावळायच्या आत झाकायचा आणि त्याचा फोटो काढायचा नाही. म्हणजे आईला दाखवायचं तर आजच. ती लेकीकडं आष्ट्याला गेली होती. अर्जुनानं दाजीला फोन केला, मिळेल त्या गाडीनं तिला घेऊन या म्हणाला.

पोरीलाही फोन लावला. सोनिया सांगलीला कॉलेजात दगडांचंच शिकत होती. दगडं काय शिकायची, पायाखाली पडल्याती की, असं म्हणून तो तिला कायम चिडवायचा. तिनं फोन उचलला नाही. मग त्यानं बोलून निरोप धाडला, की देवाला तोंड हाय, आणि दगड काळा न्हाई, हिरवा हाय.

आता आई येईपर्यंत नुसतं बसायचं तर जिवाला चैन कुठली. डोळ्यांच्या खाचांत, मिशीच्या कडेला जुना शेंदूर घट्ट बसला होता. आईच्या बोटांना धड लागायचं तर तो निघायला हवा. विहिरीच्या पायऱ्या तो दरसाल तारेच्या ब्रशनं घासायचा. त्या काळ्या दगडाला कधी काय झालं नव्हतं, ह्याला काय होतंय? तोच ब्रश आणला, बादली भरली, आणि तासभर मान वर न करता घासत राहिला.

फोन वाजला तेव्हा त्याचे हात ओले होते. सोनिया एका दमात बोलत सुटली. आपला काळा दगड लाव्हाचा, कडक. हा इथला नव्हेच, कुणीतरी कर्नाटकातनं आणला असणार. जमिनीच्या पोटात खोल, दाबाखाली, गरम पाणी जुन्या दगडांत मुरत जातं, तेव्हा त्यातली काळी खनिजं पालटून हिरवी होतात, पापुद्र्यांची. मूर्ती घडवणाऱ्यांना असला दगड आवडायचा, कारण छिन्नी लावली की कापला जातो.

"आण्णा, त्याला हात लावू नका," ती म्हणाली. "क्लोराइट असणार तो. नखानंसुद्धा ओरखडा उठतो."

अर्जुनानं बादलीत बघितलं. पाणी हिरवं झालं होतं. मग त्यानं देवाकडं बघितलं. ओठ नव्हते. डोळे नव्हते. मिशीच्या जागी ब्रशाचे चरे होते. फोनमधून सोनिया हाका मारत राहिली.

चारच्या सुमाराला सुलाबाई आली. चपला लांबच काढून ती देवापुढं बसली, आणि बोटं दगडावरनं फिरवू लागली. वरनं खाली, पुन्हा वर. बराच वेळ.

"मला घावंना रं," ती शेवटी म्हणाली. "डोळं गेल्यावर दर्शन दिलं देवानं. माजंच कायतरी पाप असंल."

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण तो तिच्या शेजारी टेकला.

"आये, तुजं पाप न्हाई. तोंड व्हतं. म्या घासून काडलं."

सुलाबाईचा हात दगडावर तसाच राहिला.

"डोळं कुटं व्हतं, तेवढं दाव," ती म्हणाली.

अर्जुनानं तिचं बोट धरलं आणि दगडापाशी नेलं. नेमकं कुठं टेकवायचं, ते त्याला आठवेना.