तुळई धरायचं हलकं काम

"म्हैस विकायची नाही," म्हातारी म्हणाली आणि चारा कापायच्या यंत्राचा दांडा सोडून मटकन खाली बसली. धाप एवढी लागली होती की पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

तिचा लेक कमरेवर हात ठेवून समोर उभा होता. सगळी गल्ली त्याला दादा म्हणते, म्हणून मीही म्हणते. आईला धाप लागलेली पाहून माणसाला वाईट वाटावं, पण दादाच्या तोंडावर पैज जिंकल्याचा आनंद होता.

"बघ! मी काय सांगत होतो? तुझ्याच्यानं होत नाही आता. उद्या सकाळी व्यापारी येतोय. गाभण आहे तोवर चांगल्या घरी जाईल."

आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत. त्यांच्याकडं भांडण लागलं की मला कान द्यावा लागत नाही, ते आपणहून घरात येतं. आज मात्र भांडण अंगणात होतं, म्हणून मी धुणं वाळत घालायचं निमित्त काढून बाहेर आले.

झालं होतं असं. दादाचा जावई चार दिवस राहायला आला होता. हा तालुक्याला जिम चालवतो. त्याचे दंड असे की सदऱ्याची बाही बिचारी जीव मुठीत धरून असते. घरात पाऊल टाकल्यापासून त्यानं सगळ्यांचे स्नायू तपासायला घेतले होते. म्हातारीला म्हशीपायी राबताना बघून त्यानं सासऱ्याला शास्त्र सांगितलं, "वय झालं की स्नायू लवकर दमतात, मामा. त्यात बाईमाणूस." दादाला तेवढंच हवं होतं. म्हशीचा उकिरडा काढायचा त्याला कंटाळा, पण कंटाळ्याला असं शास्त्राचं नाव मिळालं की माणूस ताठ मानेनं बोलतो.

मग परीक्षा ठरली. यंत्राचं चाक जोरात फिरवायचं, कोण किती वेळ टिकतं ते बघायचं. जावयानं फिरवलं तर चाऱ्याचा ढीग पडला. दादानं फिरवलं, निम्मा पडला. म्हातारीनं फिरवलं आणि ती अशी खाली बसली. खोटं का बोलू, चाकाला ती खरंच दमली. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं गरागरा चाक फिरवावं ही अपेक्षाच वेड्याची, पण परीक्षा घेणाऱ्यालाच निकाल आधी ठाऊक असला की असंच होतं.

"मावशी, पाणी घ्या," मी तांब्या पुढं केला.

म्हातारी दोन घोट प्यायली आणि हळूच म्हणाली, "ही मेलेल्या आईची पोर गं. बाटलीनं दूध पाजून वाढवली मी. ती गेली तर सकाळी उठायचं तरी कशासाठी?"

दादानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि जावयाला घेऊन जेवायला आत गेला.

या घरात कामाची वाटणी फार जुनी आहे. जड काम पुरुषांचं, हलकं काम बायकांचं. जड म्हणजे पोतं उचलून गाडीत टाकायचं. एकदा 'हुप्प' म्हणायचं, टाकायचं, की पुरुषमाणूस दमला. मग त्याला खाट लागते, चहा लागतो आणि रात्री सायीचं दूध लागतं. हलकं म्हणजे दिवसभर वाकून खुरपणं, गवताचा भारा डोक्यावर घेऊन येणं, धार काढणं, पाणी ओढणं. हलकं काम करणाऱ्या बाईला दमायची सोयच नाही, कारण तिनं केलंय काय? दादाची बायको, आमची वहिनी, लग्न होऊन आली तेव्हापासून हलकं काम करतेय आणि तिची पाठ आता रात्री सरळ होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते तोच गोठ्यातून 'काड' असा आवाज आला आणि पाठोपाठ वहिनीची किंकाळी. धावत गेले.

गोठ्यावर पत्रे, पत्र्याखाली मोठी तुळई, तुळईखाली दोन खांब. त्यातला दाराकडचा खांब वाळवीनं पोखरलेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जावईबापूंना मात्र व्यायाम चुकवायचा नव्हता. गावात जिम नाही म्हणून त्यांनी गोठ्याच्या तुळईला लोंबकळून वरखाली व्हायला सुरुवात केली होती. खांबानं सहन केलं तेवढं केलं आणि मग मधोमध मोडला.

आता जावई खाली उभा होता आणि दोन्ही हातांनी तुळई पेलून धरली होती. खाली म्हैस बसलेली. पोट असं फुगलेलं की तिला उठवणंच मुश्किल.

"हिला आधी बाहेर काढा!" मी ओरडले.

"हात लावू नकोस!" म्हातारी आतून आली. "घाबरून उठली तर दुसऱ्या खांबाला धडकेल. मग सगळंच खाली. बसू दे तिला गप."

"आजी, काळजी करू नका," जावई म्हणाला. "मी आहे ना."

आणि तो होता, हे कबूल केलं पाहिजे. घसरत आलेली तुळई त्यानं एकट्यानं वर ढकलली होती, ते आम्हा कुणाला जमलं नसतं. दंड टरारून फुगले होते. वहिनी कौतुकानं बघत होती. पण चुलीवरचा चहा उतू जायच्या आत त्याचे हात थरथरायला लागले. मग गुडघे. मग तोंड लाल झालं.

"मामा, जरा... जरा या."

तुळई खांद्याइतकी खाली आली, तसा दादा खाली शिरला. त्यानं खांदा लावला, दात खाल्ले, आणि थोड्याच वेळात तोही म्हणाला, "अरे, हे असं किती वेळ धरायचं?"

"नवा खांब येईपर्यंत," म्हातारी म्हणाली. "सुताराकडं तयार लाकूड पडलंय. जा, घेऊन या. तोवर आम्ही धरतो."

"तू?" दादा तशाही अवस्थेत हसला. "काल चाकाला दमलीस ती?"

"काल काल होतं. सरक."

तिनं गोणपाटाची घडी खांद्यावर टाकली आणि तुळईखाली उभी राहिली. दुसऱ्या बाजूनं वहिनीनं खांदा लावला. दोघींनी पाय फाकवून पक्के रोवले. म्हातारीनं एकदा "हं" केलं. दादानं हळूच खांदा काढून घेतला. तुळई हलली नाही.

"जमतंय की!" दादा खांदा चोळत म्हणाला. "उचलायचं जड काम आम्ही केलंच. आता नुसतं उभं राहायचं. हलकं आहे."

दोघं सुताराकडं गेले. मीही मध्ये शिरून डोक्यानं, हातानं जमेल तसा टेकू दिला. आम्ही तिघी तशाच उभ्या. घाम डोळ्यात जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. म्हैस निवांत रवंथ करत होती.

"मावशी, दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय की. दुखेना का. सावकाश श्वास घे, बोलत राहा."

मग आम्ही बोलत राहिलो. जावयाच्या बाह्यांवर बोललो, दादा लहानपणी कसा झाडावर चढून रडायचा त्यावर बोललो. वहिनी इतकी हसली की मी घाबरून म्हटलं, बाई, तुळई खाली येईल. ऊन दारातून आत सरकत सरकत म्हशीच्या शेपटीपर्यंत आलं, तरी लाकडाचा पत्ता नव्हता. मागून कळलं, सुताराकडं चहा झाला, जावयानं त्याला खांदेदुखीवरचे व्यायाम दाखवले, आणि लाकूड जड होतं म्हणून वाटेत तीनदा टेकावं लागलं.

शेवटी आले. सुतारानं खांब उभा केला, पाचर ठोकली, तेव्हा कुठं आम्ही बाहेर पडलो. म्हातारीचा हात खांद्यावरून खाली येईना. वहिनीनं तो धरून हळूहळू उतरवला.

सुतार आमच्या तोंडांकडं बघत राहिला. "मघापासून ह्या तिघींनीच धरलं होतं?"

जावई खाकरला. "त्यात नवल नाही. असं एका जागी धरून ठेवायचं काम असलं तर बायका उशिरा दमतात. म्हातारी माणसंसुद्धा. जोरात, भराभर करायचं असलं की मग वय आडवं येतं. शिकवलंय आम्हाला."

"काल हे कुठं ठेवलं होतं हो, जावईबापू?" मी विचारलं. "घरी विसरून आला होतात की काय?"

त्यानं मोबाइल काढला आणि त्यात तोंड घातलं.

तेवढ्यात व्यापारी फाटकात येऊन उभा राहिला. दादा त्याच्याकडं निघाला, तसं म्हातारीनं हाक मारली.

"थांब. म्हशीचं काम काय काय असतं, सांग मला."

"आई, आता कशाला..."

"सांग."

"धार काढणं. पाण्यावर नेणं. भारा आणणं. शेण काढणं."

"यात भराभर करायचं काय आहे?"

दादानं जावयाकडं बघितलं. जावयानं मोबाइलमधून मान वर काढली नाही.

"चारा कापायचं चाक तेवढं," दादा म्हणाला.

"बरोबर. ते जड काम. ते पुरुषाचं. तू करायचं. बाकीचं हलकं मी करीन, ही करेल. धार काढून काढून मेल्या हाताला धरून ठेवायची सवयच झालीय." मग ती फाटकाकडं वळली. "शेठ, तुम्हाला हेलपाटा पडला खरा. चहा घेऊन जा. म्हैस द्यायची नाही."

व्यापारी चहा घेऊन गेला. जावईही दुपारच्या गाडीनं गेला. जाताना त्याचे दोन्ही दंड तेल लावून फडक्यात बांधलेले होते.

म्हैस व्यायली. रेडी झाली, अगदी आईसारखी. आता रोज सकाळी भिंतीपलीकडून चाक फिरल्याचा आवाज येतो. खडखड, खडखड, मग थांबतो. पुन्हा खडखड, पुन्हा थांबतो. मी धुणं घेऊन बाहेर येते, निमित्त लागतच नाही आता. दादा दांड्यावर हात ठेवून वाकलेला असतो, घामानं निथळत. पलीकडं म्हातारी म्हशीखाली बसून शांतपणे धार काढत असते. ती मान न वळवता विचारते,

"दमलास का रे? असू दे. वय झालं आता तुझं."